सामन्याआधी दहा मिनिटं

महाल, नागपूर
१६ डिसेंबर १९७३

श्रीमती प्रयागबाई ढोबळे यांस,
शरच्चंद्र पिंपळापुरे याचा नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, आणि ती व्हावी अशी ही वेळही नाही. तरी लिहायला बसलो आहे. १ डिसेंबरला, शनिवारी, इथल्या मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असताना पूर्वेकडची फळ्यांची गॅलरी कोसळली आणि चार माणसं गेली. त्यांत तुमचे यजमान रुपरावजी होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

तुमचा पत्ता पोलीस चौकीतून मिळवला. आधीच लिहायचं होतं, पण मी स्वतः आठ दिवस इस्पितळात होतो. डाव्या खांद्याचं हाड मोडलं आहे. तिकडून आल्यावर रोज कागद पुढे घेत होतो आणि परत ठेवत होतो. आता तेरवी आटोपली असेल, असा अंदाज करून लिहितो.

मी इथे एका सरकारी कचेरीत कारकून आहे. घरी मी आणि माझी पत्नी चारुशीला. मला फुटबॉलचा लहानपणापासून नाद. त्या दिवशी कलकत्त्याचा नावाजलेला संघ आला होता, खेळ हाच ज्यांचा धंदा अशी माणसं. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

तुम्हाला एवढंच कळवायचं होतं की रुपरावजींना फार सोसावं लागलं नाही. आम्ही वरून चौथ्या रांगेत होतो. खाली पडल्यावर मी हाका मारल्या, त्यांनी ओ दिली नाही. त्याआधीचा दीड तास ते आनंदात होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर संकोच न करता कळवा.

आपला,
शरच्चंद्र पिंपळापुरे


खापरटोला, पोस्ट पारशिवनी
२६ डिसेंबर १९७३

भाऊसाहेब,

प्रयागबाईचा नमस्कार. तुमचं पत्र भेटलं. मी चौथीपर्यंत शिकली आहे. वाचता येते, लिवतानी मात्र हात अडकते. चुकलं तं समजून घ्या.

तुमचं हाड मोडलं हे वाचून वाईट वाटलं. चारुशीलाबाईले माहा नमस्कार सांगा.

तुमी म्हणता काही लागलं तं कळवा. मले एकच इचाराचं आहे. शामलीचे बाबा त्या दिवशी नागपुरात धंतोलीले गेले होते, माह्याच कामानं. माह्या छातीत गाठ आहे. दिवाळी झाल्यावर डॉक्टरनं तिचा तुकडा काढून तपासाले धाडला होता. त्याचा रिपोर्ट आणाले ते पहाटच्या मोटारीनं गेले. जातानी म्हणे, 'सांजच्या मोटारीनं वापस येतो, तू काही मनात आणू नको.' मंग ते खेळाच्या मैदानावर काहून गेले? उभ्या जिंदगीत त्यायनं फुटबॉल पाहिला नाही. आमच्या गावात पोट्टे चिंध्याच्या चेंडूनं खेळतेत, त्यायच्याकडं बी कधी उभं राहून पाहिलं नाही.

पोलिसायनं थैली देली. तिच्यात संत्रा बर्फीचा डबा होता, चेपलेला. डबा पाहून माहे भासरे चंपतराव, म्हणजे त्यायचे मोठे भाऊ, सगळ्यायच्या देखत बोलले, 'बायको दुखण्यानं घरी पडली अन् हा बर्फी घेऊन खेळ पाहून राहिला होता.' तेरवीच्या पंगतीत बी हेच बोलणं. माणूस गेल्यावर लोकं चांगलं बोलतेत म्हणतेत, आमच्याइथं तसं झालं नाही. मी ऐकून घेतलं. मले सांगाले काही नव्हतं. शामली, आमची पोरगी, औंदा मॅट्रिकले आहे. ती मातर चंपतरावाच्या अंगावर धावून गेली.

रिपोर्ट थैलीत नव्हता. सदऱ्याच्या खिशात बी नव्हता. तुमच्यापाशी ते काही बोलले असन तं मले सांगा. चांगलं असो का वाईट असो.

प्रयागबाई


महाल, नागपूर
२ जानेवारी १९७४

प्रयागबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं माझ्यावर आहे, कारण त्यांना मैदानात मीच नेलं.

माझ्याजवळ दोन तिकिटं होती. कचेरीतले माझे एक सोबती येणार होते, ऐन वेळी त्यांच्याकडे पाहुणे आले. मी फाटकाबाहेर त्यांची वाट पाहून कंटाळलो होतो. तिथे निंबाच्या झाडाखाली रुपरावजी बसले होते. धंतोलीहून चालत चालत गर्दी दिसली म्हणून तिकडे आलेले. आमचं बोलणं झालं. गाठ साधी आहे, रिपोर्ट चांगला आहे, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. धोतराच्या सोग्यानं पुसत होते आणि हसत होते. समोरच बर्फीचं दुकान होतं, तिथून त्यांनी डबा बांधून घेतला. 'घरी नेतो, तिनं दोन महिन्यांपासून गोड तोंडात घातलं नाही,' म्हणाले. तुमची मोटार सायंकाळची. मध्ये तीन तास रिकामे. मी म्हटलं, माझ्याजवळ एक तिकीट जास्तीचं आहे, चला. ते आधी नको म्हणाले. मग आले.

ती बर्फी तुमच्यासाठी होती. हे चंपतरावांना सांगा.

सामन्याचंही सांगतो. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण त्यांची नजर शेतकऱ्याची. आत गेल्याबरोबर म्हणाले, 'एवढं हिरवं गवत, अन् एक जनावर नाही!' मग त्यांचं लक्ष गोलकीपरवर गेलं, ते शेवटपर्यंत तिथंच. सगळे तिकडच्या टोकाला पळत असले तरी हे याच्याकडे पाहायचे. 'हा गडी एकटा काहून उभा आहे? याले कोणी बोलवत नाही का?' मी त्यांना सांगितलं की त्याचं काम राखणीचं. ते त्यांना पटलं. 'म्हणजे आमच्या वावरातल्या मचाणीवरचा माणूस,' म्हणाले. कलकत्त्याच्या संघानं पहिल्या अर्ध्यात गोल केला तेव्हा सगळं मैदान गप्प झालं आणि रुपरावजी एकटे हळहळले, मागे पडलेल्या संघासाठी नाही, त्या गोलकीपरसाठी. 'चूक त्याची नव्हती,' असं मला दोनदा म्हणाले.

दुसऱ्या अर्ध्यात आपल्या नागपूरच्या एका ठेंगण्या पोरानं डाव्या बाजूनं पळत जाऊन गोल फेडला. कलकत्तेवाल्यांवर गोल! हजारो माणसं एकदम उठली. रुपरावजीही उठले. त्यांनी माझा खांदा धरला होता. फळ्या त्याच क्षणी गेल्या.

रिपोर्टचा कागद त्या गोंधळात कुठे गेला, सांगता येत नाही.

प्रकृतीला जपा. शामलाला परीक्षेसाठी आशीर्वाद.

आपला,
शरच्चंद्र


खापरटोला
५ फेब्रुवारी १९७४

भाऊसाहेब,

तुमचं पत्र मी चंपतरावाले दाखवलं. त्यायले चष्म्याबिगर दिसत नाही, म्हणून शामलीनं वाचून दाखवलं, ओट्यावर, चार माणसं बसले होते त्यायच्या समोर. बर्फीचं आलं तशी शामलीच्यानं पुढं वाचवेना. चंपतराव उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यायच्या घरून शेरभर दूध आलं. तवापासून येते.

मले किती बरं वाटलं ते लिवता येत नाही. ते गेले ते गेलेच. पण मले सोडून मजा माराले गेले नाही, माही चिंता गेली म्हणून गेले, हे कळलं. मी ते पत्र देवाजवळ ठेवलं आहे.

माहं म्हणाल तं गाठ थोडी मोठी झाल्यावाणी लागते. काखेत बी एक बारकी हाताले लागते. पण रिपोर्टच चांगला आहे तं भेव कायचं. शेजारची रंभाबाई कसल्या तरी पाल्याचा लेप लावून देते. चंपतराव म्हणत होते, एकडाव धंतोलीले दाखवून आणू. मीच नाही म्हटलं. त्यायच्या तोंडचा शेवटचा शब्द तोच होता, साधी गाठ आहे. त्याच्यावर आता आणखी कोणाले काय इचारू?

वावरात हुरडा आला आहे. चारुशीलाबाईले घेऊन या. घर तुमचंच समजा.

प्रयागबाई


महाल, नागपूर
११ फेब्रुवारी १९७४

प्रयागबाई यांस नमस्कार.

पत्र मिळालं. हुरड्याला येणं होणार नाही, कचेरीत काम फार आहे.

माझं ऐका, चंपतरावांसोबत एकदा येऊन डॉक्टरांना दाखवून जा. गाठ मोठी झाली असेल तर पुन्हा तपासलेलं बरं. साध्या गाठीही कधी कधी त्रास देतात. लेप लावू नका. मी मोटार स्टँडवर येईन, डॉक्टरांकडेही सोबत येईन. कोणत्या दिवशी येता ते उलट टपाली कळवा.

आपला,
शरच्चंद्र


खापरटोला
३ मार्च १९७४

भाऊसाहेब,

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. गहू कापणीले आला होता, म्हणून लिवणं झालं नाही. मी वावरात जात नाही, पण बाया लावा, त्यायचं पाहा, हे करावंच लागते. डावा हात वर होत नाही. लुगडं नेसाले शामली लागते. राती त्या कुशीवर निजता येत नाही.

आता तुमाले इचारते, राग मानू नका. मागच्या पत्रात तुमी म्हटलं, रिपोर्ट चांगला. या पत्रात म्हणता, दाखवा, लेप लावू नका, मी सोबत येतो. चांगल्या रिपोर्टवाल्या बाईसाठी तुमी स्टँडवर काहून येता? तुमचं-माहं नातं नाही. शामली बी हेच म्हणून राहिली. तिनं तुमचं दुसरं पत्र पुन्हा वाचलं. ती म्हणे, 'आई, बाबाले इंग्रजी येत नव्हतं. बाबाले कोणी वाचून दाखवलं?'

त्या दिवशी डॉक्टर होता का? खरं काय ते लिवा.

प्रयागबाई


महाल, नागपूर
८ मार्च १९७४

प्रयागबाई,

सोबत तुमचा रिपोर्ट पाठवत आहे. तो हरवला नव्हता. तीन महिने माझ्या टेबलाच्या खणात होता.

डॉक्टर त्या दिवशी नव्हते. लग्नाला बाहेरगावी गेले होते, सोमवारी येणार होते. कंपाउंडरनं रुपरावजींना सोमवारी यायला सांगितलं. ते म्हणाले, तिकडे ती वाट पाहून राहिली, मी रिकाम्या हातानं कसा जाऊ. म्हणून कंपाउंडरनं पाकीट दिलं. त्यात इंग्रजीतला रिपोर्ट आणि डॉक्टरांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेली चिठ्ठी होती. ते पाकीट हातात धरून रुपरावजी मैदानाच्या फाटकाबाहेर बसले होते. आतबाहेर जाणाऱ्या माणसांकडे पाहत होते. माझा चष्मा, माझी पँट पाहून त्यांना वाटलं की याला येत असेल. उठून जवळ आले आणि म्हणाले, 'बाबूजी, एवढं वाचून द्या ना.'

मी वाचलं. गाठ साधी नाही. कॅन्सरची आहे. चिठ्ठीत लिहिलं आहे की बाईला ताबडतोब मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यावं, गाठ काढावी लागेल, वेळ घालवू नये. 'वेळ' या शब्दाखाली डॉक्टरांनी रेघ मारली आहे, तुम्ही पाहालच.

मी मान वर केली तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते. दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी. त्यांचा चेहरा पाहून मला दया आली. मी म्हटलं, 'काही नाही, साधी गाठ आहे, रिपोर्ट चांगला आहे.'

ते खालीच बसले. मग रडले. बर्फीचं वगैरे जे मी तुम्हाला लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यांना ते सांगणारा मी होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं असं मी लिहिलं. तेही खोटं नव्हतं, कारण ते दर दहा मिनिटांनी मला म्हणत होते, 'साधी गाठ आहे म्हणे ना?' आणि मी हो म्हणत होतो.

पाकीट मी माझ्या खिशात ठेवलं. म्हटलं, मळेल, माझ्याजवळ असू द्या. खरं म्हणजे त्यांनी दुसऱ्या कोणाला दाखवू नये म्हणून. मी मनाशी ठरवलं होतं की सामना संपला की त्यांना चहाला नेईन आणि तिथे नीट समजावून सांगेन. मोटारीत बसवून देईन. हे मी खरंच ठरवलं होतं. सामना संपायला पंचवीस मिनिटं उरली होती.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा लिहायला हवं होतं. तुम्ही स्पष्ट विचारलं होतं, चांगलं असो का वाईट. मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. महिन्यापूर्वी विधवा झालेल्या बाईला हे कसं कळवू, असं स्वतःला सांगितलं. मग तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं. माझं पत्र तुम्ही देवाजवळ ठेवलंत. त्यानंतर मी कचेरीतही कोणाशी धड बोललेलो नाही. चारुशीलाला काल सगळं सांगितलं. ती उठून आत गेली.

आता काही विचारू नका, मला शिव्या द्यायलाही थांबू नका. हे पत्र मिळेल त्या दिवशीच्या मोटारीनं निघा. मेडिकलमध्ये माझ्या ओळखीचे एकजण आहेत, मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

शरच्चंद्र पिंपळापुरे


महाल, नागपूर
१७ एप्रिल १९७४

प्रयागबाई यांस,

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. गेल्या रविवारी मी खापरटोल्याला जाऊन आलो. घराला कुलूप होतं. रंभाबाई भेटल्या, त्यांच्याकडून कळलं की तुम्ही मार्चच्या मध्यापासून इथेच, मेडिकलमध्ये आहात. एक महिना तुम्ही माझ्या घरापासून दोन मैलांवर होतात आणि मला ठाऊक नव्हतं.

काल वॉर्डात आलो. दारातूनच तुम्ही मला ओळखलंत, कसं ते कळलं नाही, आपण कधी भेटलो नव्हतो. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. शामला खाटेजवळ उभी होती. तिनं मला पुढे येऊ दिलं नाही. मी आणलेली फळं नर्सजवळ ठेवून परतलो.

डॉक्टरांना बाहेर विचारलं. ते म्हणाले, गाठ आता काढण्यासारखी राहिली नाही, फक्त किरणांचा शेक देत आहोत.

चारुशीला म्हणते की तिला तुमच्याजवळ येऊन बसायचं आहे, माझ्याशिवाय. तुमची ना नसेल तर ती येईल. या पत्राचं उत्तर शामलानं एका शब्दात दिलं तरी चालेल.

शरच्चंद्र


खापरटोला
२८ मे १९७४

पिंपळापुरे,

आई सांगून राहिली आहे आणि मी, शामला, लिहून राहिली आहे. तिच्या हातात पेन धरवत नाही. ती बोलते तसंच लिहिते.

'आमी गावाले वापस आलो. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. तुमच्या बायकोले म्हणा, ती आली, तिनं माहे केस इंचरून देले, तिचं भलं होवो. ती पाच-सहा डाव आली, एकदा बी तुमचं नाव तिनं काढलं नाही.

डॉक्टरले मी इचारलं होतं, डिसेंबरात आणलं असतं तं? तो म्हणे, तवा काढता आली असती. मंग त्यानं दुसरीकडं पाहिलं. हे तुमाले माहीत असाले पायजे.

आता मी तुमाले पत्र लिवते ते याच्यासाठी नाही. रिपोर्ट चंपतरावानं पाहिला, मेडिकलच्या डॉक्टरनं त्यायले समजावून सांगतला. आता गावात काय बोलणं आहे ऐका. रुपरावले डॉक्टरनं सारं सांगतलं होतं, रुपरावनं ते लपवलं अन् खेळ पाहाले बसला. नाही तं म्हणतेत, गड्यानं कागद वाचूनच घेतला नाही, साधी आहे साधी आहे म्हणत बर्फी बांधली. तुमचं ते पत्र शामलीनं ओट्यावर वाचलं होतं ना. त्याच्यात तुमीच लिवलं होतं, त्यायच्या तोंडून ऐकलं म्हणून. खोटं तुमचं, अन् चिकटलं मेलेल्या माणसाले.

तुमचं मार्चचं पत्र मी कोणाले दाखवलं नाही. ते दाखवून काम होत नाही. कागदावर लोकायचा भरोसा आता राहिला नाही, माहा बी नाही. तुमी सोता या. जे चार माणसं ओट्यावर बसून ऐकत होते त्यायच्या समोर उभं राहून तोंडानं सांगा, की वाचणारा मी होतो. मी ऐकाले आहे तवर या. लय दिवस नाही.'

एवढंच.

शामला


महाल, नागपूर
३ जून १९७४

प्रयागबाई,

९ तारखेला, रविवारी, पहिल्या मोटारीनं येतो.

शरच्चंद्र


खापरटोला
१४ ऑगस्ट १९७४

पिंपळापुरे यांस,

आई २ ऑगस्टला गेली. सकाळी, आठच्या सुमारास. चारुशीलाकाकूंना सांगा. त्यांनी पाठवलेलं औषध शेवटचे दहा दिवस तिला उपयोगी पडलं.

तुम्ही जूनमध्ये येऊन गेल्यावर तीन पत्रं पाठवलीत. ती मी आईला वाचून दाखवली. तिनं उत्तर सांगितलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. तिसऱ्या पत्रात तुम्ही विचारलं होतं की आईनं तुम्हाला माफ केलं का. त्याचं उत्तर आता देते. पण आधी तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते लिहिते, कारण तुम्ही पाण्याचा पेला ठेवून लगेच निघालात.

तुम्ही अंगणात उभे राहून सगळं बोललात. मधेच मोठे बाबा, म्हणजे चंपतराव, तुम्हाला म्हणाले होते, 'दया आली तं मंग खरं सांगून त्याले मोटारीत बसवून द्याचं होतं. दया असन तं माणूस असं करते का?' तुम्ही वळून वाटेकडे पाहिलंत. मला वाटलं, आता हा माणूस जाईल. मग तुम्ही जे म्हणालात ते तुमच्या कोणत्याही पत्रात नव्हतं. 'सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. खरं सांगितलं असतं तर मला त्यांच्यापाशी थांबावं लागलं असतं.' असं म्हणालात.

मी तेव्हा दारात होते. आई आत बाजेवर होती, तिनं ऐकलं. तिनंच मला हाक मारून सांगितलं, 'त्यायले पाणी दे.' मला द्यायचं नव्हतं. दिलं.

तुम्ही गेल्यावर कोणीच उठेना. मग मोठ्या बाबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. 'तेरवीच्या पंगतीत मी भावाले शिव्या देल्या,' म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. आईनं आतूनच त्यांना म्हटलं, 'भाऊजी, तुमाले माहीत नव्हतं.' दुसऱ्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्या पायथ्याशी बसायचे. शेवटी तिला उचलून बसवायचं कामही तेच करत होते. गावात आता बाबांबद्दल कोणी काही बोलत नाही. तेवढं तुमच्या येण्यानं झालं, ते मी कबूल करते.

आईला जुलैमध्ये फार दुखायचं. एकदा तिनं मला ते दुसरं पत्र काढून वाचायला सांगितलं, सामन्याचं. मी म्हटलं, त्यात खोटं आहे. ती म्हणाली, 'जेवढं खरं आहे तेवढं वाच.' मी गवताचं आणि गोलकीपरचं वाचलं. ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, 'त्यायनं खांदा धरला होता म्हणे, कोण्या हातानं असन?' ते पत्रात नव्हतं. मी म्हटलं, उजव्या. मलाही काय माहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी तिला तुमच्यासाठी विचारलं नाही, माझ्यासाठी विचारलं. शेवटच्या आठवड्यात. म्हटलं, आई, त्या माणसाचा तुला राग येते का? ती म्हणाली, 'मले राग कराले वेळ उरला नाही वं बाई. तुले करायचा असन तं तू कर. नाही तं सोडून दे. तुह्या मनावर आहे.'

ते वाक्य माफीचं आहे की नाही, ते मला कळत नाही. तुम्हीही ते तसं समजू नका.

मार्चमध्ये माझी मॅट्रिकची परीक्षा होती. मी वॉर्डात होते, बसले नाही. आता मोठे बाबा म्हणतात, ऑक्टोबरला बस. मी सकाळी पुस्तक उघडते आणि दुपारपर्यंत तेच पान असते. बाबा त्या दिवशी रडले, हसले, बर्फी घेतली, आईचं नाव घेतलं, हे सगळं तुम्ही पाहिलं. आम्ही पाहिलं नाही. त्यांचा शेवटचा दीड तास तुमच्याजवळ आहे. आईचे तीन महिनेही तुमच्याच खणात राहिले. त्याचं मी काय करावं, ते मला सुचत नाही. कधी वाटते सोडून द्यावं. मग संध्याकाळी मोटारीचा हॉर्न वाजला की वाटते, नाही.

मी अजून ठरवलं नाही. तोवर पत्र पाठवू नका.

शामला रुपराव ढोबळे